मधल्या शहरातले चार दिवस

तिकीट सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालं आणि दुपारी सव्वातीनला त्यावरून घर पेटलं. मधल्या चार तासांत ते घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं आणि कोणीही उघडून पाहिलं नव्हतं. या घराची ती रीतच होती. थोरली सून एकोणीस वर्षं विमान तिकिटांच्या ऑफिसात काम करत होती. सगळ्यांची तिकिटं तीच काढायची आणि सगळे न वाचता ‘ओके’ लिहून मोकळे व्हायचे. घरात तिला तिकीटवाली म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने.

या वेळी तिकीट वाचलं ते धाकट्याने, तेही नाइलाजाने. तो समुद्रापलीकडे एका लॅबमध्ये कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायचा. आईला घ्यायला जायचं म्हणून तो सकाळी सकाळी रजेचा अर्ज भरत होता, आणि अर्जात पोचण्याची तारीख लिहायची होती. त्याने तिकीट उघडलं, बोटांवर दिवस मोजले, परत मोजले, आणि थोरल्याला फोन लावला.

“दादा, आई पुढच्या महिन्यात रविवारी निघतेय आणि शुक्रवारी पोचतेय. ती काय चालत येतेय?”

थोरला पाणीपुरवठा केंद्रावर शिफ्ट इंजिनिअर होता. सकाळपाळी संपवून तासाभरापूर्वी घरी आला होता आणि जेवणाच्या टेबलाशी मोजे काढत बसला होता. त्याने एक मोजा हातात तसाच धरून तिकीट उघडलं, वरच्या जाण्याच्या तारखा तेवढ्या पाहिल्या. मग बायकोला हाक मारली. शनिवार असल्याने ती दुपारपासून घरूनच काम करत होती, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप उघडून.

तिने शांतपणे सांगितलं. गिऱ्हाइकाला सांगतात तसं. एवढ्या लांबच्या प्रवासात मधल्या शहरात विमान बदलावंच लागतं. चोवीस तासांच्या आत पुढचं विमान पकडलं तर ती नुसती वाट पाहणं. चोवीस तासांच्या पुढे गेलं की तो थांबा. ही कंपनी त्याच भाड्यात एकदा, पाहिजे तितके दिवस थांबू देते. फक्त तिकीट काढतानाच मागावं लागतं, नंतर आठवून चालत नाही, आणि दोन्ही विमानांत त्याच दराची जागा मिळावी लागते. ती जागा मिळवायला तिला दोन सकाळी लागल्या. त्या शहरात चार दिवसांसाठी वेगळा परवानाही लागत नाही. राहायची खोली आईंनी स्वतःच्या पेन्शनमधून ठरवली आहे. थांब्यामुळे तिकिटात एका पैशाचाही फरक नाही.

शेवटचं वाक्य थोरल्याला जास्त लागलं. जास्त पैसे पडले असते तर भांडण सोपं झालं असतं.

“कोणाला विचारून केलंस?”

“आईंनी सांगितलं.”

“आई एकाहत्तर वर्षांची आहे.”

“तिकिटावर वय लिहिलंय,” ती म्हणाली. “मीच भरलं.”

त्याने विचारलं, हे मोडता येतं का. तिने खरं ते सांगितलं. ऑफिस सहा वाजता दिवस बंद करतं. आज काढलेलं तिकीट सहापर्यंत फुकट फाडता येतं, नवं काढता येतं. सहानंतर प्रत्येक बदलाला दंड, आणि ही जागा पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणजे आईचे ते चार दिवस राहणार की जाणार, हे पावणेतीन तासांत ठरायचं होतं. थोरल्याने धाकट्याला तसं सांगितलं आणि बहिणीला, ताईला, बोलावून घेतलं. आईला मात्र अजून कोणी हाक मारली नव्हती. ती तिच्या खोलीत होती, दार उघडं होतं, आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

*

ताई पंधरा मिनिटांवर राहायची आणि सव्वाचारला आली. ती कोर्टात लघुलेखक होती. समोरचा काय म्हणाला यापेक्षा तो कुठे अडखळला हे तिला आधी कळायचं. तिने पर्स खुर्चीला अडकवली, तिकीट पाहिलं, आणि सरळ खोलीत जाऊन आईलाच विचारलं की त्या शहरात कोण आहे.

कोणी नाही, आई म्हणाली.

मग डॉक्टर? त्या शहरात मोठी इस्पितळं आहेत, आणि आई छत्तीस वर्षं इस्पितळात होती, शेवटची बारा मेट्रन म्हणून. काही दुखत असेल तर मुलांना न सांगता परस्पर दाखवून यायची हिंमत तिच्यात होती. ताईने तसं बोलून दाखवलं.

“दुखत नाही,” मेट्रन म्हणाली. “बघायला जायचंय असंही काही नाही. चार दिवस थांबायचंय.”

“पण कशाला?”

“कारण काढायला लावू नकोस. नाही सापडायचं.”

हे कोणालाच पटलं नाही, आणि जो तो आपापल्या रागाला सोयीचं कारण शोधू लागला. ताईला वाटलं आई आजार लपवतेय. धाकट्याला वाटलं, दादा-वहिनींचंच काहीतरी अडकलंय आणि आईला वाटेत लटकवून ते दिवस ढकलताहेत. थोरल्याला वाटलं बायकोने ही कल्पना आईच्या डोक्यात भरली. तो ते बोललाही. सासू-सुनेचं नऊ वर्षांत एका पातेल्यावरून एकमत झालं नाही, आणि आता एकदम विमानावरून झालं?

तिकीटवालीने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. पातेलं आईंचं होतं, ती म्हणाली, आणि त्यांचंच बरोबर होतं.

मेट्रन बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागद होते. चार पानं, कोपऱ्यात टाचलेली. ती टेबलाच्या डोक्याशी बसली. धाकटा आता ताईच्या फोनवर व्हिडिओवर होता आणि तो फोन पाण्याच्या जगला टेकवून उभा केला होता. त्याचा चेहरा तिच्याकडे वळवायला ताईला जग फिरवावा लागला.

“हे माझ्या पासपोर्टच्या पिशवीत होतं. परवा सापडलं,” मेट्रन म्हणाली आणि चष्मा लावला. “‘सकाळी सहा दहाला उठते. आंघोळीआधी बोलत नाही. रक्तदाबाची गोळी विसरते, पण विसरली हे मान्य करत नाही. हट्टाला पेटली तर वाद घालू नये. अर्ध्या तासात शांत होते.’”

थोरल्याने मोजा टेबलाखाली टाकला. ते धाकट्यासाठी होतं, तो म्हणाला. केंद्रावर पाळी बदलताना प्रत्येक पंपाची नोंद पुढच्याला द्यावी लागते, कुठला गरम होतो, कुठल्याचा आवाज येतो. वाईट हेतू नव्हता. धाकट्याला यातलं काहीच माहीत नाही, म्हणून लिहिलं.

“नोंद चांगली आहे,” मेट्रन म्हणाली. “मी स्वतः छत्तीस वर्षं असा चार्ज दिला आणि घेतला. पेशंटच्या पलंगाशी उभं राहून, तो ऐकत असताना. त्याच्याकडे न बघता. आपल्याला काय वाटेल हे त्या माणसाला कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.” तिने कागद पालथे ठेवले. “तुझ्या हातातून मला त्याच्या हातात द्यायचंय ना, दे. पण मधले चार दिवस मी कोणाच्याच चार्जमध्ये असणार नाही. एवढंच कारण आहे. लिहून घ्यायचं तर घे.”

शेवटचं ताईला उद्देशून होतं. ताईचा चेहरा उतरला. ती म्हणाली की ठीक आहे, पण एकटीने नको. ती बरोबर येईल. कोर्टाला सांगून आठवडाभर सुट्टी काढेल. दोघी राहतील, फिरतील, तिथून ती परत येईल आणि आई पुढे जाईल.

ताईला वाटलं होतं आई विरघळेल. ताईच्या लग्नाआधीपासून दोघींनी कुठे जायचं जायचं म्हणून नुसतं ठरवलं होतं.

“नको,” मेट्रन म्हणाली. “तू आलीस तर मी तुझी आई होऊन राहीन. जेवलीस का विचारत.”

ताईने पर्स खुर्चीवरून काढली आणि मांडीवर घेतली. इतक्या वर्षांत आपल्याला कोणी एवढं नीट नाकारलं नव्हतं, असं तिच्या मनात आलं, आणि क्षणभर ती पुन्हा भावांच्या बाजूला गेली. एकाहत्तराव्या वर्षी अनोळखी शहरात पडलीबिडली तर पाणी कोण देणार, असं ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा चढला.

*

पाच वाजले. खाली रस्ता खोदायचं यंत्र बंद झालं आणि घरातले आवाज मोठे वाटू लागले.

धाकट्याने फोनवरून पुन्हा सुरुवात केली. त्याचा तिथला दिवस सुरू झाला होता, मागे लॅबमधली टोप्या घासायची घासणी घरघरत होती. त्याने सोमवारच्या रजेचं बोलून ठेवलेलं, बायकोने त्या दिवसाची पाळी बदलून घेतलेली. शुक्रवारी ती कामावर, तो कामावर, विमानतळावर कोण जाणार? सहा महिने तर राहायलाच येतेय, मग हे चार दिवस मध्येच कशाला? न थांबता पोचणारं तिकीट काढा आणि विषय मिटवा.

थोरल्याला आधार मिळाला. तो उठून बायकोच्या खुर्चीमागे गेला.

“फाड हे. मी सांगितलं होतं तसं काढ.”

तिकीटवालीचे हात कीबोर्डवर थांबले. दहा दिवसांपूर्वी स्वयंपाकघरात, फ्रीजचं दार उघडं ठेवून, तिच्याकडे न बघता त्याने तिकिटाबद्दल सांगितलं होतं. तिला तेव्हाच सगळं कळलं होतं. तिने होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. सासूला सांगितलं तर घर फुटणार, नाही सांगितलं तर आपण त्यात सामील. मग परवा सासू ते कागद घेऊन आली, थांब्याचं विचारलं, आणि नियमानेच तिची सोय केली. तिने त्या नियमामागे जाऊन लपायचं ठरवलं होतं. आता नवरा मागे उभा होता आणि लपायला जागा उरली नव्हती.

“तू सांगितलं होतंस त्या तिकिटावर थांबा मिळत नाही,” ती म्हणाली. “फुकट थांबा फक्त परतीच्या तिकिटाला आहे. म्हणून मी परतीचं काढलं.”

ती काय बोलली हे थोरल्याला सगळ्यात आधी कळलं. ताईला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

“म्हणजे त्याने कुठलं सांगितलं होतं?” ताईने विचारलं.

तिकीटवालीने नवऱ्याकडे पाहिलं. तो बोलेल म्हणून तिने थोडा वेळ दिला.

“एकेरी,” ती म्हणाली.

पाण्याच्या जगला टेकलेला फोन आधी बोलला. घासणी बंद झाली होती. मला सहा महिने सांगितलं होतंस दादा, धाकटा म्हणाला. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. एकीत मुलं झोपतात. सहा महिने मुलांना हॉलमध्ये घालणार होतो, कायमचं कसं घालणार? तू मला न विचारता? त्याचा आवाज चिरकला. मेट्रनने तो राग नीट ऐकला. त्याचा राग तिच्या बाजूचा नव्हता.

ताई आईजवळच्या खुर्चीत सरकून बसली, पर्स मांडीवरच होती. तिने थोरल्याला विचारलं की गुरुवारी सुतार आईच्या खोलीचं माप घेऊन गेला ते कशासाठी. कपाटाच्या दुरुस्तीसाठी, असं त्याने आईला सांगितलं होतं. मेट्रनने स्वतः भिंतीशी टेपचं टोक धरून ठेवलं होतं. आणि घर तर तिच्याच नावावर होतं, तिच्या नोकरीतलं. वडील आजारी पडले तेव्हा थोरला बायको-मुलीला घेऊन मदतीला म्हणून इथे आला होता.

“हो,” थोरला म्हणाला. “मदतीला आलो. नऊ वर्षं झाली. तुम्ही दोघं मोजत असाल तर मोजा.”

आणि तो सुटला. केंद्रावर एक नियम आहे, तो म्हणाला. पुढच्या पाळीचा माणूस येऊन सही करेपर्यंत आपण खुर्ची सोडायची नाही. माणूस आलाच नाही तर बसून राहायचं. एकदा तो सलग एकतीस तास बसला होता. पण तिथे निदान फोन करून विचारता येतं, कोणी येतंय का. इथे कोणाला विचारायचं? बाबांच्या शेवटच्या दीड वर्षात रात्री कूस कोणी बदलली? आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला धाकट्याने फुलं पाठवली, ती घेऊन येणाऱ्याला जिना दाखवायला खाली कोण गेलं? ताई पंधरा मिनिटांवर राहते आणि दर रविवारी पाहुण्यासारखी येते, येताना फोन करून. त्याची मुलगी सतरा वर्षांची झाली आणि अजून हॉलमध्ये अभ्यास करते. त्याने कोणाला हाकललं नाही. त्याने फक्त पाळी बदलायची ठरवली, आणि ते उघड मागितलं असतं तर दोघांनी मिळून अजून नऊ वर्षं विचार केला असता.

यात खोटं काही नव्हतं. धाकटा खाली बघत होता. ताईने पर्सची चेन उघडली आणि लावली.

मेट्रन मुलाकडे बघत होती. पन्नाशीचा झाला होता. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहून गेला होता, पहाटे पाचला घाईत केलेली. थकलेल्या नर्सा तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. त्यांना ओरडून उपयोग नसतो हे तिला माहीत होतं, आणि तरी तिला ओरडावंसं वाटत होतं. तिने पालथे कागद स्वतःकडे ओढले.

“थकलास, हे मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली. “मी ड्युटी बदलून दिली असती. मी नाही म्हटलं असतं तरी ऐकलं असतं. तू बायकोला सांगितलंस, सुताराला सांगितलंस. त्या चार पानांत माझी आंघोळ आहे, गोळी आहे, आणि मी परत येणार नाही, हे नाही.”

“सांगणार होतो.”

“विमानात बसवल्यावर?”

लॅपटॉपवर घड्याळ होतं, पाच वाजून छत्तीस. तिकीटवालीने खुर्ची सासूकडे वळवली. तिच्या आवाजात ऑफिसचा थंडपणा होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“आई, प्रवासी तुम्ही आहात. हे दोघं सांगतात तसं मी करणार नाही. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, त्याबद्दल तुम्ही मला नंतर काय बोलायचं ते बोला. आता चोवीस मिनिटं आहेत. काय करायचं?”

“थांबा राहू दे.”

“राहिला.”

“येताना थांबता येतं?”

“नाही. एकदाच फुकट आहे.”

“मग येताना नुसतं विमान बदलून थेट. परतीची तारीख कुठली टाकलीस?”

तिकीटवालीने सांगितलं, अकरा महिन्यांनंतरची. तिकीट जितकं लांब चालतं तितकी. काहीतरी टाकावंच लागतं.

“काहीतरी नको,” मेट्रन म्हणाली. “सगळ्यांना सहा महिने सांगितलेत ना. मग सहा महिने.” ती फोनकडे वळली. “तुझी मुलं तेवढे दिवस हॉलमध्ये झोपतील का?”

झोपतील, धाकटा म्हणाला. त्याला अजून काही म्हणायचं होतं, पण तिने मान फिरवली होती.

सहा महिन्यांनंतरच्या त्या आठवड्यात रोज एक विमान होतं. तिकीटवालीने सगळी वाचून दाखवली. सगळी सकाळी नऊला उतरत होती. दर सारखाच होता. मेट्रनने थोरल्याला विचारलं, केंद्राचा पाळ्यांचा तक्ता वर्षभराचा असतो ना. असतो, तो म्हणाला. फोनवर आहे.

“काढ. तो आठवडा वाच.”

“कशाला?”

“वाच.”

त्याने चष्मा शोधला. तो टेबलाखाली मोज्याजवळ पडला होता. ताईने वाकून तो उचलला आणि त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवला.

“सोमवार, रात्रपाळी,” तो वाचू लागला. “मंगळवार, सुट्टी. बुधवार, सकाळपाळी.”

“सकाळपाळी म्हणजे सहा ते दोन?”

“हो.”

“बुधवारचं काढ,” मेट्रन सुनेला म्हणाली.

तिकीटवालीने तारीख टाइप केली.

“त्या दिवशी मी कामावर असेन,” थोरला म्हणाला. “मंगळवारी सुट्टी आहे, मंगळवारचं घे. नऊला उतरलीस तर घ्यायला कोण येणार?”

“कोणी नाही. किल्ली आहे माझ्याकडे.”

“आई.”

“दोनला सुटून घरी येशील तेव्हा मी माझ्या खोलीत असेन. त्याआधी सहा महिने आहेत. ते सगळे तुझे. झोप, भिंती रंगव, मुलीला माझ्या टेबलावर बसव, मला चालेल. पण खोली मोडायची नाही. आणि मी आल्यावर पाळ्या लागतील. रविवार तुझा नाही, तो ताईचा. रात्री माझं मी बघेन, आणि नाही जमलं तर पैसे देऊन माणूस ठेवेन. तुला कोणी कायमचं बसवलेलं नाही इथे. बसवलं असेल तर ते तू तोंड उघडलं नाहीस म्हणून, आणि मी बघितलं नाही म्हणून.”

ताईने रविवारचं ऐकलं. आता फोन न करताच येईन, ती हळूच म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तिकीटवालीने जुनं तिकीट फाडलं आणि नवं भरलं. नावाची अक्षरं पासपोर्टशी ताडून पाहिली, मग पुन्हा पाहिली. मधल्या शहरात चार दिवस. सहा महिन्यांनी बुधवार, थेट. तिने स्क्रीन सासूकडे वळवली. मेट्रनने प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, औषधाची चिठ्ठी तपासावी तशी, आणि मान हलवली. पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी तिकीट निघालं. आता ते बदलायचं तर दंड होता.

धाकट्याने काहीतरी म्हणून फोन ठेवला. ताई स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिकीटवालीने लॅपटॉप मिटला, पण ती उठली नाही.

थोरला अजून तक्ता धरून होता. चष्मा नाकावर, मान खाली. आईने उठण्यासाठी टेबलाच्या कडेला हात टेकला तेव्हा नेहमीप्रमाणे तिच्या कोपराखाली हात द्यायला तो निम्मा उठला. तिने नको म्हटलं आणि आपली आपण उभी राहिली. तो पुन्हा बसला.

“गुरुवार, सकाळपाळी,” त्याने वाचलं. कोणी विचारलं नव्हतं. “शुक्रवार, दुपारपाळी. शनिवार, दुपारपाळी.” तो जरा थांबला. “रविवार,” तो म्हणाला, आणि पुढचा ‘सुट्टी’ हा शब्द त्याला वाचता येईना.